आठ दिवसांचा मालक

शशीने खिशातून रुमाल ओढून काढला, तशी त्याच्याबरोबर पेट्रोलची एक पावती आणि पेपरमिंटचा चुरगळलेला कागद ओल्या गवतावर पडला.

"शी! दुसरा नाही का रुमाल?" योना म्हणाला.

"तुमच्या देवाला इस्त्रीचाच रुमाल लागतो असं कुठे लिहिलंय ते दाखव, आत्ता घरी जाऊन आणतो."

"सॅली असती तर तिने तुला हाकललं असतं."

"सॅली असती तर तिनेच धुऊन दिला असता. धर आता. साडेआठला माझ्या सर्जरीत पेशंटांची रांग लागते, आणि सोमवारी सकाळी सगळ्या एजवेअरला एकदम खोकला होतो."

योनाने रुमालाचं दुसरं टोक धरलं. मागच्या बागेत, लाकडी शेडच्या दाराशी, एकसष्ट वर्षांचा एक आणि अठ्ठावन्न वर्षांचा एक, असे दोघे मळक्या रुमालाची दोन टोकं धरून उभे होते. शेजारच्या खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, म्हातारे काहीतरी खेळ खेळताहेत.

"या शेडमध्ये जे जे आंबलेलं आहे, आंबतंय आणि आंबू शकेल, ते सगळं मी तुला दिलं," योना म्हणाला. "हातचं काही न राखता."

"घेतलं."

"परत देण्याची अट नाही."

"नाही." शशीने मान हलवली आणि मग जरा थांबून विचारलं, "कोपऱ्यातल्या पिंपातलंसुद्धा?"

योनाने रुमाल सोडला. शेडला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली शशीच्या हातावर ठेवली.

"सगळं म्हणजे सगळं," तो म्हणाला. शशीच्या तोंडाकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

डॉक्टर शशिधर रेगे हे ब्राह्मण-बिह्मण काही मानत नसत, पण योना तळकरच्या या वार्षिक समारंभाला ते तेरा वर्षांत एकदाही चुकले नव्हते. पेसाहचे आठ दिवस ज्यूंच्या घरात खमिराचा कण चालत नाही. नुसता घरात नको एवढंच नव्हे, तो आपल्या मालकीचाही नको. पाव, केक, बिस्किटं संपवता येतात, टाकता येतात. पण ज्या माणसाने शेडमध्ये बार्लीची बिअर लावून ठेवली आहे त्याने काय करायचं? बार्ली आंबवूनच तर ती होते. त्यावर तोड एकच. सण लागायच्या आत ती एखाद्या परधर्मी मित्राला देऊन टाकायची. आठ दिवसांनी मित्राला वाटलं, तर तो परत देतो. वाटलं तर! देतानाच मनात धरलं की ही आपलीच आहे, नुसती ठेवायला दिलीय, तर ते देणं खोटं आणि सणही खोटा.

शशीला दरवर्षी वाटायचं, आणि तो दरवर्षी परत द्यायचा. त्या 'वाटलं तर'कडे कुणी फारसं लक्ष देत नसे. देत असे ती फक्त योनाची बायको, सॅली. सॅलीचं माहेर रेवदंड्याचं. तिच्या घरी या सणाला अनाशी ढाकायचा सण म्हणत. कालवणात घालायच्या आंबट रसाचं मडकं आठ दिवस झाकून ठेवायचे म्हणून. मडक्याला फडकं बांधलं की पोरांनी तिकडे बघायचंसुद्धा नाही. लंडनला येऊन तीस वर्षं झाली तरी सॅलीचा तो धाक गेला नव्हता. किल्ली दिल्यावर योना स्वयंपाकघराच्या खिडकीशी घुटमळला, की ती मागून म्हणायची, "दिलंस ना? मग आता डोळ्यांनी चाखू नकोस."

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सॅली गेली. आणि शेडच्या कोपऱ्यातल्या ओकच्या छोट्या पिंपात तिने आणि योनाने मिळून लावलेली शेवटची काळी बिअर होती.

ही बेल्जियन बिअरची भानगड सुरू झाली तीही सॅलीमुळेच. योना तेव्हा लंडनच्या अंडरग्राउंड रेल्वेच्या सिग्नल विभागात होता आणि शशीशी त्याची नुकती ओळख झाली होती. एकदा इस्टरच्या सुट्टीनंतर योना-सॅली आणि शशी व त्याची बायको उल्का असे चौघं बोटीने ऑस्टेंडला आणि तिथून ब्रूजला गेले. तिथे मठातल्या साधूंच्या पद्धतीची काळी, जड बिअर सॅलीने घोटभर घेतली आणि म्हणाली, "अय्या, ही तर काकवी!" झालं. योना पेटला. परत येऊन त्याने पुस्तकं आणली, बाटलीच्या तळाचा गाळ वाढवून त्यातून यीस्ट काढलं, आणि साखरेऐवजी इल्फर्डच्या दुकानातला गूळ वापरायला लागला. गुळाचा पाक करायचं काम सॅलीचं. ती तो इतका काळा करायची की बोटीवरच्या डांबरासारखा दिसायचा.

शशीलाही तोच नाद लागला, पण त्याचा स्वभाव वेगळा. योनाची बिअर एकच, काळी, पुस्तकाबरहुकूम. शशीकडे आज सोनेरी, उद्या गव्हाची, परवा फळांची. आणि एवढ्यावर थांबला तर तो शशी कसला? ही त्यात ओत, ती हिच्यात ओत. जुनी आंबट आणि नवी गोड मिसळून बेल्जियमचे लोक स्वतःच पितात, हे तो दाखल्यांसह सांगायचा.

"मिसळायला ती काय मिसळ आहे?" योना म्हणायचा. "फरसाण तेवढं घालायचं राहिलं."

हे भांडण तेरा वर्षं मजेत चाललं होतं. पण दिवाळीला शशी शेडमध्ये आला, पिंपापाशी वाकला आणि त्याचा चेहरा एकदम दवाखान्यातला झाला. पिंपाच्या बुचात एक वाकडी काचेची नळी असते. तिच्यात पाणी भरलेलं असलं की आतला वायू बाहेर येतो, पण बाहेरची हवा आत जात नाही. नळी कोरडी ठणठणीत होती.

"योना, यात पाणी कधी घातलं होतंस?"

सॅली गेल्यापासून त्याने त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं.

"हवा जातेय आत. व्हिनेगर होईल याचं. उघड, निदान चाखून तरी बघू."

"हात लावायचा नाही."

"अरे पण..."

"शशी, एकदा सांगितलं ना!"

योनाने नळीत पाणी घातलं, पण बूच काढलं नाही. नाताळात शशीने पुन्हा विचारलं, मार्चमध्ये पुन्हा. उत्तर तेच. योना काही खुळा नव्हता. बिअर बिघडते हे त्याला कळत होतं. पण पिंप उघडलं की बिअर प्यायली जाणार, प्यायली की संपणार, आणि ती संपली की सॅलीच्या हातचं या घरात काहीच उरणार नव्हतं. तिच्या लोणच्याची शेवटची बरणी त्याने गेल्या उन्हाळ्यात बोटांनी पुसून खाल्ली होती, आणि नंतर रिकामी बरणी हातात घेऊन तो ढसाढसा रडला होता. ते पुन्हा नको होतं.

सणाच्या पहिल्या दोन रात्री तो इल्फर्डला जोशुआकडे, चुलतभावाकडे जेवला. गुरुवारी घरी परतला. गुड फ्रायडेला सकाळी दहा वाजता खोक्यातली बिनखमिराची भाकर चहाबरोबर मोडत तो स्वयंपाकघरात बसला होता, तेवढ्यात बाजूचं फाटक वाजलं. शशी आत आला. त्याच्या खांद्यावर रबरी नळी होती आणि दोन हातांत दोन मोठे प्लॅस्टिकचे कॅन. भरलेले असावेत, कारण चालताना तो वाकला होता. त्याने खिडकीकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि कुलूप काढून तो शेडमध्ये गेला. दार आतून लावून घेतलं.

नळीत पाणी घालायला आला असेल, योनाने मनाशी म्हटलं. मग कॅन कशाला? असेल काहीतरी त्याचं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. अर्धा तास झाला. योनाने भांडी विसळली, पुसली, पुन्हा विसळली. मग वाळत घालायला काही नसताना कपड्यांची टोपली उचलून तो बागेत गेला. दोरीपासून शेड चार पावलांवर. तो चार पावलं चालला.

आतून नळीचा आवाज येत होता. गट्... गट्... गट्. काहीतरी एका भांड्यातून दुसऱ्यात उतरत होतं. आणि फळीच्या फटीतून वास येत होता, काळ्या गुळाचा, ओल्या लाकडाचा आणि त्यावर एक आंबूस धार. योनाने दारावर मारायला मूठ वर उचलली.

काय म्हणणार होता तो? अरे, काय करतोयस माझ्या बिअरला? माझ्या! आज शुक्रवार, सणाचा चौथा दिवस. दार वाजवून जाब विचारायचा तर आधी ती माझी आहे असं म्हणायला हवं, आणि ती माझी असेल तर सोमवारी रुमाल धरून केलं ते नाटक होतं. नुसतं याच वर्षीचं नव्हे. सॅली मागे उभी राहायची ती सगळी वर्षंही.

मूठ कितीतरी वेळ तशीच हवेत होती. मग त्याने ती टोपलीच्या कडेवर ठेवली आणि तो रिकामी टोपली घेऊन घरात आला. दुपारी शशी गेला, तेव्हा योना वरच्या खोलीत पडदा लावून बसला होता.

पुढचे चार दिवस कसे गेले ते त्याचं त्याला माहीत. जेवण जाईना, पुस्तकात लक्ष लागेना. शशीला त्याने मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या रेवदंड्याच्या कोळणींनीही कान झाकावेत अशा होत्या. मंगळवारी संध्याकाळी सण संपला. बुधवारी सकाळी सव्वासातला शशी टाय लावून मागच्या दाराशी उभा राहिला.

"आत येऊ?"

"ये. चहा टाकलाय."

शशीने चहाला हात लावला नाही. खुर्चीवरही बसला नाही.

"योना, मी पिंप उघडलं."

"कळलं ते मला."

"वास नाकात गेला रे. पुरतं गेलं नव्हतं अजून, पण महिन्याभरात सॅलडवर शिंपडायच्या लायकीचं झालं असतं. नुसतं पिता येण्यासारखं नव्हतं. माझी सोनेरी होती ना, जूनच्या स्पर्धेसाठी ठेवलेली? ती आणली. आधी ग्लासात करून बघितलं, मग निम्मी-निम्मी मिसळली. माझी सगळी संपली."

"कुणाला विचारून?" योनाचा आवाज इतका चढला की त्यालाच दचकायला झालं.

शशीने टायची गाठ सैल केली.

"थोडी तरी तशीच ठेवलीस?"

"नाही."

"एक बाटली? अर्धी?"

"नाही. ठेवली असती तर तीही तू झाकून ठेवली असतीस."

"अरे, तुला काही... ती सॅलीची शेवटची... ती माझी..."

पुढचं वाक्य योनाच्या तोंडातून निघेना. स्वयंपाकघरात टोस्ट भाजल्याचा वास होता, आठ दिवसांनंतरच्या पहिल्या पावाचा. त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मला बोलता येणार नाही हे ठाऊक होतं तुला."

"हो."

"डॉक्टर आहेस की वकील?"

"भित्रा आहे. दिवाळीपासून तुझ्या पाया पडतोय. या आठ दिवसांखेरीज तू मला कधी हात लावू दिला असतास?" शशीने किल्ली काढून टेबलावर ठेवली. "घे. आता तुझी. हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी सर्जरीला फोन करून उशिरा येतो म्हणून सांगतो."

योनाने किल्लीकडे पाहिलं. मग एका बोटाने ती टेबलावरून परत शशीकडे सरकवली.

"नको."

"योना..."

"तुला वाटलं तर तू परत द्यायची, आणि मला वाटलं तर मी परत घ्यायची. मला नाही वाटत."

शशीचा चेहरा पार उतरला. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "असं नको रे करू. इतक्या वर्षांची दोस्ती आहे. उल्का मला म्हणालीच होती, नको तिथे हात घालू नकोस म्हणून."

"ऐकून तर घे. सोमवारी मी तोंडाने दिली होती. शुक्रवारी तुझ्या दाराशी येऊन उभा होतो."

"माहितीये. खालच्या फटीतून तुझे बूट दिसत होते."

"दिसत होते?"

"पंधरा मिनिटं. वाजवलं असतंस तर मी सगळं थांबवून दार उघडलं असतं."

"म्हणून तर नाही वाजवलं," योना म्हणाला. त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "सोमवारी मनापासून दिली नव्हती. आज देतो. बिअर तुझी. आता मला पाहुणा म्हणून बोलावणार आहेस, की असाच दाराशी ठेवणार?"

शेडमध्ये दोन झाकलेले प्लॅस्टिकचे डबे होते. शशीने एकाचं झाकण उघडून कपभर काढली. रंग लालसर तपकिरी, ना त्याचा ना योनाचा. योनाने टोपी सारखी केली, हिब्रूत आशीर्वादाचे चार शब्द पुटपुटला आणि घोट घेतला. आधी आंबट, चांगली जबडा आवळणारी. मग शशीची ती सोनेरी, हलकी, लाडावलेली. आणि गिळून झाल्यावर, अगदी मागून, काळा गूळ. योनाने डोळे मिटले आणि ते मिटलेलेच ठेवले.

"कशी झालीय?"

"धने कशाला घातलेस?"

"धने? काहीतरीच काय! गव्हाच्या बिअरमध्ये घालतो मी धने. सोनेरीत कधी घातलेत?"

"येताहेत मला. जिभेच्या शेंड्याला."

"आठ दिवस कोरडी भाकर खाऊन जीभ बिघडलीय तुझी."

योनाने कप खाली ठेवला. कोपऱ्यात रिकामं पिंप उभं होतं.

"बिअर दिली. पिंप नव्हतं दिलं," तो म्हणाला. "लाकूड काही आंबत नाही. ते माझं आहे. उचल जरा त्या बाजूने. आणि आतून किटली घेऊन ये, उकळती. सोडाही आण, सिंकच्या खाली आहे."

"आत्ता? सर्जरी आहे माझी."

"असंच वाळलं तर लाकूडच व्हिनेगर धरेल. मग पुढची कशात लावू?"

शशी टाय खांद्यावर टाकून धावतच गेला.

त्यांनी पिंप बाहेर सिमेंटवर आणलं, उकळतं पाणी आत ओतलं, दोघांनी धरून ते घुसळलं आणि बूच काढून उलटं केलं. काळा, दाट गाळ भसाभसा बाहेर आला आणि सिमेंटवरून गटाराकडे निघाला. त्या गाळात बारीक, गोल, फुगलेलं काहीतरी होतं. योना गुडघ्यांवर बसला आणि त्याने त्यातलं एक बोटांनी उचललं. धना होता. अर्धवट कुटलेला. चांगले मूठभर असावेत.

"आईशपथ, मी नाही घातलेले," शशी म्हणाला.

"तू नाहीसच."

वर्षानुवर्षं घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबातले गोरे लोक त्याला विचारायचे, योना, तुझ्या बिअरला मागून तो सुगंध कशाचा येतो? आम्ही तीच पुस्तकं वाचतो, आमच्या बिअरला का नाही येत? आणि योना छातीठोकपणे सांगायचा, यीस्टचा. दुसरं काही घालतच नाही, पुस्तकाबाहेर एक कण नाही. सॅली तिथेच बाजूला सँडविच खात उभी असायची.

"एका शब्दाने बोलली नाही रे," योना म्हणाला. "इतकी वर्षं!" तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि त्याने ते पुसलंही नाही. शशी त्याच्या शेजारी, सर्जरीला जायच्या पँटमध्ये, ओल्या सिमेंटवर बसला.

गाळ हळूहळू गटारात उतरला. त्याच्यामागून धनेही एकेक करून गेले. योनाने ते सगळे जाऊ दिले. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पिंपाच्या तोंडाला नाक लावून त्याने वास घेतला.

"अजून एक किटली लागेल," तो म्हणाला.